झोपाळ्याखालची फुली

वसुधाकाकूच्या रडण्यावर आमच्या घरात कोणाचाच विश्वास नव्हता. कांदा चिरताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं तरी आत्या माझ्या आईकडे बघून भुवई उडवायची. काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको, जन्मानं अमेरिकन, आणि लग्नाआधी ती तिकडच्या सिनेमात काम करत होती. एवढी एक माहिती बडोद्यातल्या आमच्या नातेवाइकांना दोन्ही बाजूंनी पुरायची. ज्यांना ती आवडत नव्हती ते म्हणत, सिनेमातली बाई, तिचं खरं कुठलं आणि सोंग कुठलं कसं ओळखायचं? आणि ज्यांना ती मुळीच आवडत नव्हती ते म्हणत, सिनेमातली म्हणे! कोणी पाहिलाय तो सिनेमा?

आमचं घर दांडिया बाजारामागच्या गल्लीत. खाली आई, बाबा, मी आणि आत्या. वरच्या दोन खोल्यांत काका-काकू. स्वयंपाक मात्र एकत्र. आत्या ही बाबांची थोरली बहीण. कमी वयात विधवा होऊन माहेरी आली आणि घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला गेल्या त्या कायमच्या. आजोबा महाराजांच्या खासगी खात्यात होते. त्यामुळे कुठल्या कार्याला कोणी कुठे उभं राहायचं, ओटीत आधी काय घालायचं, हे आत्याला दरबारच्या शिरस्त्यासारखं पाठ होतं. आणि ते दुसऱ्याला सांगायचं नसतं, ज्याचं त्यानं ओळखायचं असतं, हाही तिचा शिरस्ताच होता. सकाळ उजाडायची ती तिच्या किल्ल्यांच्या आवाजानं, मधल्या खोलीतल्या झोपाळ्याच्या पितळी कड्यांच्या कुरकुरीनं, आणि कोयलीच्या रिफायनरीतून पाळी संपवून आलेल्या काकांच्या स्कूटरनं. काकांच्या शर्टाला तेलाचा एक वास असायचा, तो धोब्याकडून आल्यावरही जायचा नाही. झोपाळ्याला आम्ही सगळे बडोद्याच्या सवयीनं हिंचकोच म्हणायचो; पाहुणे आले की आत्या झोपाळा म्हणायची.

काकूची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली, बहुतेक दुपारी, वरच्या खोलीत, भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं फुंकत असताना. तिचं जन्मनाव एडना. मक्याच्या शेतांच्या मुलखातलं कुठलंसं गाव, वडील धान्याच्या कोठारावर कामाला. शाळेच्या नाटकात कोणीतरी तिला पाहिलं आणि ती कोवळ्या वयात सिनेमाच्या शहरात गेली. तिथे स्टुडिओनं तिचं नाव व्हिवियन ठेवलं, दात सरळ करून घेतले, केसांचा रंग बदलला. पुढे लग्नात काकांनी तांदळाच्या ताटात 'वसुधा' लिहिलं तेव्हा ती मुळीच बिचकली नाही. नाव बदलून घ्यायची तिला सवय होती. पहिल्या सिनेमात तिनं एक दार उघडलं आणि 'साहेब घरी नाहीत' एवढंच म्हटलं. दुसऱ्यात ती नायकाची बहीण झाली. तिसऱ्यात तिला रडण्याचा एक मोठा प्रसंग मिळाला, आणि तो झाल्यावर काम करणारे लोक म्हणे टाळ्या वाजवत उभे राहिले. चौथ्यानंतर तिला कोणी बोलावलं नाही. मग ती एका विद्यापीठाच्या वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारायला लागली. तिथे शिकायला आलेले माझे काका तिला भेटले. त्यांनी तिचा एकही सिनेमा पाहिला नव्हता.

"म्हणून तर लग्न केला," ती म्हणायची. तिचं मराठी आत्याकडून आणि भाजीवालीकडून मिळून आलेलं होतं. शब्द जुने, मध्ये गुजराती, आणि लिंगं मनाला येतील तशी.

मी हे ऐकायची आणि खाली येऊन आत्याला सांगायची. आत्या मटकी निवडता निवडता म्हणायची, "उभे राहिले? बाई रडली म्हणून लोक उभे राहिले? आपल्याकडे बाई रडली की लोक तिच्याजवळ बसतात गं." मला हसू यायचं. वर मी काकूची असायची आणि खाली आत्याची. तेव्हा ते मला हुशारीचं वाटायचं.

काकूला जाड भिंगांचा चष्मा होता. त्याशिवाय तिला हातभर लांबचं माणूस नीट ओळखू यायचं नाही. स्टुडिओनं तो तिला कधीच घालू दिला नव्हता, आणि ती खोड तिच्या अंगात इतकी मुरली होती की एरवी दिवसभर चष्मा घालणारी काकू घरात चार माणसं जमली की तो काढून पदराखाली लपवायची. हळदीकुंकवाला ती हसऱ्या चेहऱ्यानं भलत्याच बाईला अत्तर लावायची. शेजारच्या कोकिलाबेन म्हणायच्या, "आ तो हिरोइन जेवी लागे छे, हं!" आत्या म्हणायची, "हो ना. हिरॉइनच. ओळख दाखवायची नाही कोणाला."

त्या वर्षी आईला दिवस गेले. माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी, मधल्या दोन निराशांनंतर. घर एकदम दबक्या पावलांनी चालायला लागलं. आत्यानं आईचं जिन्यावर जाणं बंद केलं, पपई बंद केली, तिन्हीसांजेला अंगणात उभं राहणं बंद केलं. आणि त्याच दिवसांत तिला पहिली फुली सापडली.

आमच्याकडे कोट्याची हिरवट काळी लादी होती. सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी फडकं मारताना देवघराच्या उंबऱ्याशी, बोटाच्या पेराएवढी, खडूची फुली. आत्यानं ती पुसली. हरतालिकेला स्वयंपाकघराच्या दाराशी दुसरी निघाली. मग झोपाळ्याच्या कडेला. आत्यानं कोकिलाबेनना बोलावून दाखवलं. दोघी वाकून बघत राहिल्या.

"कोईए कंईक कर्युं छे," कोकिलाबेन हळूच म्हणाल्या. कोणीतरी काहीतरी केलंय.

"बाहेरचं कोण येतंय इथे?" आत्या म्हणाली. "घरातलंच माणूस. ज्या दिवशी कार्य, त्याच दिवशी उमटते. आणि हा आकार बघा. क्रूसच की नाही?"

आई त्या दिवसापासून चालताना खाली बघायला लागली. मीही. घरातली सगळी माणसं लादीकडे बघत चालत होती आणि वर मान केली की एकमेकांकडे.

मला कळलं ते अपघातानं. दुपारी सगळे झोपलेले असताना मी पाण्यासाठी उठले तर काकू मधल्या खोलीत ओणवी झालेली, हातात शिंप्याचा खडू. मी ओरडणारच होते. तिनं माझा हात धरून मला जिन्यावर नेलं आणि बसवलं. तिचा चेहरा घामानं ओला झाला होता.

"सुमे, ऐक. ही माझी जागा आहे, जागा. तिकडे नट उभा राहतो ना, तिथे जमिनीवर खूण असते. तिथेच उभं राहायचं. खाली बघायचं नाही. खाली बघितलं की काम गेलं. मला इथे कोणी सांगत नाही कुठे उभी राहू. वन्सं कार्याच्या वेळी नुसत्या डोळे मोठे करतात. मग मी एकदा बघून ठेवते, दुपारी जाड खूण करते, आणि अंगठ्याला खडूची खरखर लागेपर्यंत पाय सरकवत येते. चष्मा नको, काही नको." मग म्हणाली, "वन्संना सांगू नको. त्या म्हणतील, बघा, घरात पण नाटक."

मी शपथ घेतली. आणि ती मी इतकी पाळली की ज्या दिवशी मोडायला हवी होती त्या दिवशीही पाळली.

डोहाळजेवण ठरलं सातव्या महिन्यात. आमच्या घरची एक रीत होती, मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही: गर्भारशीला झोपाळ्यावर बसवून औक्षण करायचं, पण त्या वेळी झोपाळा थांबवायचा नाही. मंद हलता ठेवायचा. थांबला तर पोटातलं मूल हातपाय हलवायचं थांबतं, असं आत्या सांगायची. आणि पहिलं औक्षण करायचं जावेनं. आत्याला सवाष्णीचा मान नव्हता, आणि जाऊ एकच होती. आत्यानं दोन दिवस तोंड वाकडं केलं, पण रीत मोडणं तिच्या जिवावर येत होतं. काकूला तिनं स्वयंपाकघरातूनच सांगितलं, "औक्षण तुझं. नीट कर. इतकी वर्षं झाली, आता तरी घरातल्यासारखी दिस."

काकू त्या दिवशी वर गेली ती जिना दोन दोन पायऱ्यांनी चढत. तिला मूलबाळ नव्हतं. घरानं तिच्या हातात स्वतःहून काही दिलं असेल तर ते हेच, पहिल्यांदा. आधीच्या आठवड्यात रोज दुपारी आमची तालीम चालायची. मी आईच्या जागी झोपाळ्यावर बसायची, पायानं हळू झोका घ्यायची. काकू रिकामं तबक घेऊन दारातून यायची, आणि पुढे येणारा झोपाळा तिच्या तबकापासून वीतभर अलीकडे थांबून मागे फिरेल अशी जागा तिनं शोधून ठेवली होती. तिथे फुली. ती न बघता येऊन तंतोतंत त्या फुलीवर अंगठा ठेवायची. दर वेळी. चेहऱ्यावर हसू, नजर माझ्या कपाळावर.

अशाच एका दुपारी तिनं मला चौथ्या सिनेमाची गोष्ट सांगितली. मोठं काम होतं. नायकासमोर उभं राहून त्याला नाही म्हणायचं. तालमीत सगळं बरोबर झालं, जेवणाची सुट्टी झाली, परत येऊन प्रत्यक्ष चित्रीकरण. ती खुणेवर जाऊन उभी राहिली. नंतर फिल्म धुऊन आली तेव्हा तिचा चेहरा धूसर. कॅमेऱ्याचं अंतर जुन्या जागेवर बांधलेलं, आणि ती पुढे. परत घ्यायला वेळ नव्हता, नायक दुसऱ्या कामावर गेला होता. सगळे म्हणाले, आंधळी आहे ही, जागा चुकली. "मी चुकले नाही," काकू म्हणाली. "सुट्टीत कोणीतरी खूण सरकवली. कोण, ते मला कधी कळलं नाही. सिनेमा गेला त्याचं काही नाही. पण कोण, ते कळायला हवं होतं."

मी शेंगदाणे खात ऐकत होते, आणि मला वाटलं, खोटं. नापास झालेली प्रत्येक मुलगी असंच काहीतरी सांगते. मग वाटलं, हे खोटं तर खडूचंही खोटं असेल. आत्या म्हणते तेच खरं असेल. इतक्या गोड आवाजात सांगणारी बाई, जिचं रडणं बघून लोक उभे राहतात, तिनं मला तेरा वर्षांच्या पोरीला गुंडाळायला कितीसा वेळ लागणार? आईच्या पायांना सूज आली होती. आत्या रोज तिच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळत होती. मला खरं काय ते बघायचं होतं. एवढंच होतं, असं मी स्वतःला फार वर्षं सांगितलं. पण त्यात हेही होतं की आई काकूकडे बघून हसायला लागली होती, आणि ते मला सोसत नव्हतं.

डोहाळजेवणाच्या दुपारी घर माणसांनी भरलं. झोपाळ्याच्या कड्यांना शेवंतीच्या माळा, आई हिरव्या शालूत, अंगावर जुईच्या फुलांची वाडी, कपाळावरून फुलांची बिंदी. स्वयंपाकघरातून मसालेभाताचा आणि जिलबीच्या पाकाचा वास. कोकिलाबेननी खमणाचं भलंमोठं ताट आणलं होतं. झाकलेल्या दोन वाट्यांतून आईनं बर्फी उचलली आणि सगळ्या एकदम ओरडल्या, "मुलगी!" त्या गडबडीत मी झोपाळ्यापाशी खाली बसले, ओल्या रुमालानं फुली पुसली आणि वीतभर पुढे, झोपाळ्याच्या बाजूला, दुसरी काढली. शिंप्याचा खडू वरूनच आणला होता. मला वाटलं होतं, खुणेची गोष्ट थाप असेल तर ती फुलीवर विसंबणार नाही; खाली बघेल, चाचपेल, मागे सरेल. डोळे आहेत ना माणसाला.

काकू आली. चष्मा नव्हता. जांभळी पैठणी, हातात तबक, तबकात पेटलेलं निरांजन, आणि ती खरोखरच घरातल्यासारखी दिसत होती. आत्यासुद्धा बघत राहिली. नजर आईच्या कपाळावर. अंगठ्यानं फुली शोधली, त्यावर पाय ठेवला, वाकली. आणि झोपाळा पुढे आला.

पाटाची कड तिच्या गुडघ्याला लागली, तबक उलटलं. निरांजन आईच्या मांडीवर पडून विझलं. तेल शालूवर पसरलं, फुलं करपली, पदराला एक काळं भोक पडलं. कोणाला भाजलं नाही. पण आई जी किंचाळली, ती किंकाळी झोपाळ्याच्या कड्यांबरोबर थांबली. कोणीतरी झोपाळा धरून ठेवला होता. थांबला होता तो.

काकूनं खाली पाहिलं. तिचा पाय फुलीवर होता. मग तिनं मान वर करून मी उभी होते त्या दिशेला पाहिलं. त्या अंतरावरून, चष्म्याशिवाय, तिला माझा चेहरा दिसणं शक्य नव्हतं. या एका भरवशावर मी पुष्कळ वर्षं काढली आहेत.

आत्या तोवर वाकली होती. "फुली! झोपाळ्याखाली फुली! कोणी काढली ही? बोल."

"मी," काकू म्हणाली. "माझं चुकलं, वन्सं."

पुढच्या महिन्यात मूल पोटातच गेलं. मुलगीच होती. डॉक्टरांनी बाबांना बसवून सांगितलं की रक्तदाब होता, पायांवरची सूज त्याचीच, आधीच यायला हवं होतं. पण निरांजन सगळ्यांनी पाहिलं होतं, रक्तदाब कोणी पाहिला नव्हता. आईला घरी आणलं त्या सकाळी काकू जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून रडली. आवाज काढून, तोंडावर पदर न घेता. आत्या मला म्हणाली, "ऐक. तिसऱ्या सिनेमातलं." तो सिनेमा तिला मीच पुरवला होता.

आई खाटेवरून एवढंच म्हणाली, "तिला वर राहू दे. माझ्या खोलीत नको." माझी आई, जी मोलकरणीलासुद्धा उलटून बोलली नाही. बाबा आणि काका अंगणात उभे राहून हळू आवाजात भांडले. मी दाराआड होते. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. मी पाणी प्यायले.

काका-काकूंनी कोयलीजवळच्या वसाहतीत जागा घेतली. सामान टेंपोत चढत असताना काकू स्वयंपाकघरात आली. मी एकटी होते, पोळीला तूप लावत. ती चष्मा हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"सुमे, तुला काही सांगायचं आहे?"

"नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, चष्मा डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि गेली. टेंपो सुरू होईपर्यंत मला वेळ होता. तो जुना टेंपो होता, पटकन सुरू झाला नाही.

त्यानंतर दोन्ही घरांत दिवाळीला फराळाचे डबे गेले-आले, माणसं नाही. आत्या गेली, बाबा गेले, काका गेले. आई गेली त्याआधी मी तिच्या उशाशी किती रात्री बसले, पण दर वेळी वाटायचं, आता या वयात तिचं मन कशाला मोडायचं. तिच्याकडे राग धरायला एक माणूस होतं. ते काढून घेतलं असतं तर तिच्यासमोर मी उरले असते. म्हणून मी गप्प राहिले; तिच्यासाठी नव्हे.

गेल्या वर्षी नात्यातल्या एका भाच्यानं मला संगणकावर जुने सिनेमे कसे शोधायचे ते दाखवलं. तो चौथा सिनेमा निघाला. मी एकटीनं बघितला. तासाभरानं ती आली, व्हिवियन नावाची पोरगी, आमच्या काकूचीच हनुवटी. मागची भिंत लख्ख, भिंतीवरचं घड्याळ लख्ख, आणि ती धुक्यात. न हलता, खाली न बघता, नायकाच्या डोळ्यांत बघून नाही म्हणत होती. फार सुंदर काम करत होती. मी ते तीनदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी गोत्रीला गेले.

काकू आता नव्वदीच्या पलीकडे आहे. गोत्रीच्या एका सोसायटीत राहते, सांभाळायला एक बाई असते. डोळे जवळजवळ गेलेत. फ्लॅटभर लादीवर जाड पट्ट्या चिकटवल्या आहेत, पलंगापासून मोरीपर्यंत, मोरीपासून खिडकीपर्यंत, पायाला लागतील अशा. खुर्च्यांच्या पायांनाही पट्ट्यांची चौकट. मी वेताची खुर्ची उचलून तिच्या पलंगाजवळ घेतली आणि बसले. हवापाण्याचं बोलले नाही. "काकू," म्हटलं, "त्या दिवशी फुली मी सरकवली होती."

 बाहेर मोर ओरडत होता. गोत्रीत अजून उरलेत थोडे.

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"वन्संना?"

"नाही."

"मग आता ऐकायला कोण राहिलं?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती.  हे सगळं लिहायला घेतलं ते त्यानंतर.

"मला वाटायचं तूच असशील," ती म्हणाली. आता तिचं मराठी माझ्याइतकं सरळ आहे. "पण कधी वाटायचं, मीच चुकले असेन. तिकडेही मीच, इथेही मीच. आंधळीच आहे, लोक म्हणतात ते खरं. अर्धं आयुष्य असं वाटण्यात गेलं, सुमे." मग बोटानं चादरीवर काहीतरी रेघ ओढत म्हणाली, "दोन खुणा होत्या. एकीचं कळलं."

मला तिनं माफ केलं का, ते मी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही. चहा झाला. मी उठले.

"खुर्ची होती तिथे ठेव," ती म्हणाली. "मला दिसत नाही."

मी खुर्ची उचलली आणि चारही पाय पट्ट्यांच्या चौकटीत नीट बसवले. वाकून पाहिलं. "ठेवली, काकू," म्हटलं.

ती भिंतीचा आधार घेत उठली, आणि अनवाणी पाय पुढे टाकत खुर्चीपाशी गेली. अंगठ्यानं पट्टी शोधली, मग खुर्चीचा पाय. मग दुसरा. मी दारात चपला घालत होते. मागे वळून पाहिलं तेव्हा ती चौथा चाचपत होती.